या शहरात तुमचं कोण आहे?

नाही हो, स्वयंपाकघर चांगलंच आहे, मी काही नाक मुरडलं नाही — एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलीत मी, रोज साडेतीनशे पोरांचं जेवण, आता एकटीला ही चार बर्नरची शेगडी म्हणजे चैनच म्हणायची. खोली भाड्यानं घ्यायचा फॉर्म ना? हा घ्या, सगळा भरलाय. ओव्हेला स्टॉलवर्थ, वय त्रेसष्ट, गाव अलाबामातलं, तुम्ही नाव ऐकलं नसेल, घर विकून आलेय. काय राहिलं? ती ओळ होय. 'या शहरातील जवळचे नातेवाईक.' लिहिलंय की नाव. कॉरिन. माझी मुलगी. नंबर देते ना नंतर. पाठ नाहीये, हल्ली कुणाला नंबर पाठ असतात. तुम्हाला आहे का तुमच्या आईचा? आहे? बरं. चांगलं आहे.

तुम्ही मघाशी विचारलंत, चॅटानूगाच का. सगळे हेच विचारतात. आमच्या चर्चमधल्या बायका तर कागद-पेन्सिल घेऊनच बसल्या होत्या — हंट्सविलला दवाखाने चांगले, पण तिथे जो तो इंजिनिअर, तुझ्याशी बोलणार कोण? सवानाला समुद्र आहे, पण दर वर्षी वादळ येणार म्हणून खिडक्यांना फळ्या ठोकत बसावं लागेल. ग्रीनव्हिल टापटीप, नॉक्सव्हिलला फुटबॉलच्या दिवशी अख्खं गाव नारिंगी कपडे घालून फिरतं, तुला चालेल का ते? मी आपली मान हलवत होते. नारिंगी घालते म्हटलं. फार मोठं शहर नको, फार लहान नको, नदी हवी, एवढंच सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, नदी कशाला? मासे धरणारेस का या वयात? मी हसले. काय सांगणार होते त्यांना?

तुम्हाला सांगते, मिस ट्रूडी. तुम्ही आता बसलाच आहात म्हणून. मला ती नदी बेटिनानं दिली, माझ्या भाचीनं. मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ ड्वाइट गेला, त्याच्या मयताला ती आली होती. चर्चमागच्या खोलीत सगळे जेवत होते, आणि ही हातात ताट घेऊन कुणालातरी सांगत होती की कॉरिनची पोरगी आता सायकल शिकली, त्यांच्या शहरात नदीवर एक पूल आहे, गाड्यांना बंदी असलेला, त्याच्यावर शिकली म्हणे. मी मागेच उभी होते. मला बघून तिच्या तोंडचा घास तसाच राहिला. कॉरिनला वचन दिलंय आत्या, विचारू नकोस, म्हणाली. मी नाही विचारलं. घरी जाऊन नकाशा काढला. नदी आणि चालायचा पूल — तीन शहरं निघाली. ग्रीनव्हिल, नॉक्सव्हिल आणि हे.

ती पोरगी म्हणजे माझी नात, मेली नाव तिचं. नऊ वर्षांची. शेवटची पाहिली तेव्हा अडीचची होती — म्हणजे परवापर्यंत शेवटची. थांबा, सांगते, मला ओळीनं सांगू द्या.

ग्रीनव्हिलला पाच आठवडे राहिले, आठवड्याच्या बोलीवर खोली घेऊन. तिथला पूल धबधब्यावर आहे, सुंदर, नवराबायको फोटो काढतात. रोज जाऊन बसायचे. मग नॉक्सव्हिल. तिथे मी चूक केली, पूल सोडून शाळांच्या फाटकांपाशी उभी राहायला लागले — मला आपलं वाटलं, तिसरीतली पोरगी, शाळा सुटली की दिसेलच कुठेतरी. तिसऱ्या दिवशी पोलीस आला. पोरगाच होता, अदबीनं बोलला, म्हणाला, मॅडम, इथे कुणाला न्यायला आलात का? मी म्हटलं, राहायला शहर शोधतेय, शाळा कशा आहेत बघत होते. तो माझ्या हातातल्या उकडलेल्या शेंगांच्या पिशवीकडे बघत राहिला. मी गाडीत जाऊन रडले आणि त्याच दिवशी निघाले.

का सोडून गेली, असं विचारायचंय तुम्हाला. विचारा की. तुमच्या तोंडावर दिसतंय. भांडण नाही हो झालं. कॉरिन तेव्हा तेवीसची, नवरा निघून गेलेला, कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला, पहाटे सहाची पाळी. मेलीला सांभाळायला एक बाई यायची. मी एके दिवशी सकाळी साडेसहाला सहज गेले, बिस्किटं केली होती ती द्यायला — दार नुसतं ओढलेलं आणि आत पोरगी एकटी. पाळण्यात उभी राहून कठडा चावत होती. बाई आलीच नव्हती आणि कॉरिन वाट बघून बघून कामावर गेली होती, नोकरी जाईल म्हणून. वाटेवरून त्या बाईला फोन करत होती. तासाभराचा प्रश्न होता. मी पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि फोन केला. कॉरिनला नाही. जिल्ह्याच्या त्या कचेरीत, मुलांची हेळसांड होते का बघतात तिथे.

कुणीही केला असता. केला असता की नाही? पोर एकटं होतं! काही झालं असतं म्हणजे? मी बरोबरच केलं. त्या फोनवरच्या बाईनं विचारलं, असं पहिल्यांदाच झालं का? आणि मी म्हटलं — मी म्हटलं, नेहमी होतं. नेहमीच टाकून जाते.

नेहमी नव्हतं. एकदाच. मला माहीत असलेलं तरी एकदाच.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चर्चमध्येसुद्धा नाही. काय झालं, सांगू का, मला वाटलं नेहमी म्हटलं की पोरगी माझ्याकडे देतील. चार दिवस, महिनाभर, कॉरिनला जरा धडा मिळेल, आणि माझ्या घरात एक लहान पोर असेल. मी पलंग पण सरकवून ठेवला होता खिडकीपासून. पण त्यांनी घर तपासलं, तर घरात ड्वाइट. तो तुरुंगात जाऊन आलेला. भावाला बाहेर काढा मग बघू, म्हणाले. मी म्हटलं, तो जाईल कुठे? पंधरा दिवस विचार केला मी, पंधरा दिवस, आणि तेवढ्यात पोरीला तिसऱ्याच जिल्ह्यात नेऊन परक्या माणसांच्या घरी ठेवलं. अकरा महिने, मिस ट्रूडी. वाईट नव्हती ती माणसं. पण अकरा महिने. आणि कोर्टात माझं बोलणं वाचून दाखवलं. 'नेहमीच टाकून जाते.' कॉरिन माझ्या पुढच्या बाकावर होती. तिनं वळून बघितलंसुद्धा नाही. पोरगी परत मिळाली त्या आठवड्यात तिनं घर रिकामं केलं.

नाही, पाणी नको मला. बसा तुम्ही.

इथे येऊन दहावा दिवस होता. रविवार, दुपार. त्या पुलाच्या लाकडी फळ्यांवर पोरांच्या सायकली खडखडत जातात ना, मी त्या आवाजाकडेच कान लावून बसलेली. आणि बघते तर समोरून कॉरिन. तिशीतच कपाळावर पांढरी बट आलीय तिच्या. बरोबर पोरगी, लांब पायांची, पाऊल आत वळवून टाकते, कॉरिन लहानपणी टाकायची तस्सं. कॉरिननं मला पाहिलं. मला वाटलं ओरडेल. मला ते चाललं असतं हो. पण ती पोरीला म्हणाली, जा, कठड्यापाशी जाऊन होड्या मोज, आणि माझ्याशेजारी बसली. सहा वर्षांनी. साबणाचा वास येत होता तिला.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. चुकलं म्हटलं, बहुतेक चारदा म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, ती अजून पहाटे उठून मी अंथरुणात आहे का बघून जाते. रोज. नऊ वर्षांची झाली." मी म्हटलं, मी इथेच राहायला येते, कॉरिन, लांबून बघेन, दारात पाऊल ठेवणार नाही. तर म्हणाली, "तू या शहरात घर घेतलंस तर मी महिन्याच्या आत निघेन. तिची ही तिसरी शाळा आहे. इथे तिला पहिल्यांदा दोन मैत्रिणी मिळाल्यात. आता तू ठरव." रागानं नाही हो. भाजीचा भाव सांगावा तसं.

तेवढ्यात मेली आली. सात होड्या, म्हणाली. मग माझ्याकडे बघून, ही कोण? कॉरिननं तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हटलं, "काही नाही गं, रस्ता चुकले, तुझ्या आईला विचारत होते." कुठे जायचंय, तिनं विचारलं. मी तोंडाला येईल ते सांगितलं, मत्स्यालय. तर तिनं माझ्या बाहीला धरून मला उभं केलं आणि हात लांब करून नीट समजावून सांगितलं — पूल संपेपर्यंत सरळ, मग उजवीकडे, पायऱ्या उतरायच्या, काचेची टोकदार छपरं दिसली की तेच. समजलं ना, विचारलं. दोनदा विचारलं. म्हटलं, समजलं. आणि मी तशीच गेले, सरळ, मग उजवीकडे. मागे वळले नाही. पायऱ्या उतरून त्या छपरांपर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले.

मग इथे कशाला आले, असंच ना? तुमची पाटी पाहिली म्हणून. फाटकावर 'प्राथमिक शाळा दोन गल्ल्यांवर' असं लिहिलंय ना तुम्ही. पावणेदोन लाखांचं शहर, म्हटलं. एक म्हातारी कुणाच्या लक्षात येतेय? मी बाहेरच पडणार नाही, किराणासुद्धा घरी मागवीन. कॉरिनला कळणार कसं? तिला शंका येऊ नये म्हणून बेटिनाला सांगेन की मी सवानाला गेले. हे सगळं मी काल ठरवलं. आज सकाळीही ठरवलं होतं. तुमच्याशी बोलायला लागेपर्यंत ठरलेलंच होतं.

आता माझ्याच तोंडून ऐकलं मी ते.

नको. तो कागद द्या इकडे. नाही, नवा नको, हाच द्या, त्याच्यावर कॉरिनचं नाव आहे, ते तुमच्या फायलीत नको राहायला. खोली माझ्यासाठी धरून ठेवू नका. कुणी लेकुरवाळी आली तर तिला द्या. मी कुठे जाईन? माहीत नाही हो. हंट्सविल नको, दोन तासांवर आहे, माझा मला भरवसा नाही. खाली समुद्राकाठी मोबीलला जाईन, नाहीतर त्याच्याही पुढे, जिथे आठ तास गाडी चालवावी लागेल. नाव काय, शहर काय, कुठलंही सारखंच.

किती वाजले? अडीच? शाळा कितीला सुटते इथली? — मग सोडा माझा हात. पोरं बाहेर पडायच्या आत मला इथून निघायला हवं.