राजाभाऊंचं घर विकायचंय

— नको, ती खिडकी नको उघडूस, मुग्धा. तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या तनयाएवढीच दिसतेस. उघड हवी तर, पण मग वास आला म्हणून मला बोलू नकोस — आला ना? तळं म्हणजे काय गं, समुद्राचं पाणी आत घेऊन खोदलेला खड्डा. मंदीत बिल्डर पळाला, पंप बंद पडले, खलास. पाणी नुसतं उभं, आणि वर डास. राजाभाऊंनी सांगितलं नसेल. कसं सांगतील, त्यांना घर विकायचंय. तू दुबईच्या नहदाहून एवढी गाडी हाकत रास अल खैमाला आलीस, म्हणून आपुलकीने सांगते — आईवडिलांना इथे ठेवणार? बारा महिने? थंडीत ठीक असतं, रोहित पक्षी येतात, सगळं तळं गुलाबी — म्हणजे पूर्वी यायचे. आता कुठले.

बस, चहा आणलाय मी. आम्ही शेजारीच, भिंतीला भिंत. राजाभाऊ आमचे कोण? यांचे साहेब, दुबईत एकाच ऑफिसात, आणि मित्रही. त्यांनीच डोक्यात भरवलं — रिटायर झालो की दोन घरं तळ्याकाठी, शेजारी शेजारी, संध्याकाळी पत्ते. घेतलं आम्ही. वर्ष-दीड वर्षात मंदी आली, ऑफिसात माणसं कमी करायची होती. कोणाला काढलं? यांना. पन्नाशी नुकती उलटलेली, तनया बारावीत. आणि त्याच आठवड्यात राजाभाऊ आमच्या सोफ्यावर बसून, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खात मला सांगतात — "वहिनी, संजयचं नाव मीच सुचवलं. म्हटलं, त्याला काय, तळ्याकाठी घर तयार आहे, थोडा लवकर रिटायर होईल." उपकार केल्यासारखं. वर अजून थोडी खिचडी मागून घेतली. आणि मी वाढली गं, वाढली मी. हे तेव्हा बाल्कनीत फोनवर होते, यांनी ऐकलं नाही. मीही आजवर सांगितलेलं नाही. का? हे अजून म्हणतात, राजाभाऊंनी माझ्यासाठी जिवाचं रान केलं. इथल्या सिमेंट कारखान्यात अर्धा दिवस हिशेब बघतात, व्हिसापुरतं, आणि तेवढ्या एका समजुतीवर ताठ उभे आहेत. तीही काढून घेऊ?

चालेल? काय चालेल — वास? बाबांना पाणी समोर असलं की बरं वाटतं, म्हणून? अगं पण — नाही, ऐक माझं. दुसरीकडे बघ. शारजात बघ, मी शोधून देते. हे नाही मिळायचं. विकायचंय त्यांना, मला नाही विकू द्यायचं. तुझ्याआधी जे जे आले, सगळ्यांना मीच परत पाठवलंय. गिऱ्हाईक ऑगस्टातच पाठवा हेही मीच राजाभाऊंना सांगते, वास वर येतो तेव्हा. त्यांचीही नोकरी गेली गं मार्चमध्ये. पुण्याचं घर मुलाने नावावर करून घेतलं, दुबईचं भाडं झेपत नाही. हे घर विकलं की सुटले. नाही विकलं तर कुठे येतील? इथे. घर एवढं स्वच्छ कसं म्हणालीस ना मघाशी — मीच पुसते, एसी चालवून बघते, नळ सोडून बघते. शेवटी त्यांनाच राहायचंय ना इथे. राहू देत बारा महिने. रोज सकाळी दार उघडलं की समोर मी. भांडणार नाही, काही नाही. एवढंच विचारणार — काय राजाभाऊ, बरं वाटतंय ना रिटायर होऊन? रोज. मरेपर्यंत रोज. ते किंवा मी.

— लिफ्ट आली वाटतं. हेच. यांच्यासमोर एक अक्षर नाही काढायचं, शपथ आहे माझी.

अहो, या ना. ही मुग्धा, घर बघायला आली होती. निघालीच ती. नाही हो, नाही आवडलं तिला, वास येतो म्हणते. मी कशाला काही सांगू? मी तर कौतुकच करत होते. राजाभाऊंना फोन तुम्हीच करा. वाईट वाटेल त्यांना, जरा जपून सांगा.