सुनेसाठी निवटे

विठ्ठलवाडी डेपोत बसची वाट पाहताना कुमुदिनीबाईंचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. पाटीवाल्या म्हातारीने कॉलेजातल्या मुलीला बोलतं केलं होतं.

"पोरी, बर्फाच्या पेटीत मासळी हाय का गो?"

"नाही मावशी, खाडीचा गाळ आहे. शेतात फवारलेलं औषध त्यात उतरलंय का, ते तपासायचंय."

"पानी तं व्हावून जातं."

"पाणी जातं, औषध गाळात राहतं."

"आन् गालातली मासली, हे निवटे? बालंतीन सुनंला नेतंय मी."

"रिपोर्ट येईपर्यंत नका देऊ."

"कवा येल?"

"महिन्याने."

"बालाला दूध तं आज पायजे! घे, हे बी तपास. सुनंला मेथीच घालीन."

"कुठली मेथी?"

"घरचीच गो, खाडीकाठची. कालच फवारलीय, एक कीड नाय."