शपथेच्या मेणबत्तीचा फोटो मी टाकला

चुलते मघाशी इथे ठाण्यात लिहून देऊन गेले की ऋषीला घरातलं काही कळत नाही, तो बाहेरचा. हे ते सहा वर्षं माझ्या तोंडावर म्हणतात. म्हणून माझं वेगळं लिहून घ्या म्हणालो.

नाव ऋषी भिमाजी टेमकर, वय २३, शिक्षण आठवी नापास, धंदा पोकलेनवर हेल्पर, मूळ राहणार तळेघर, ता. आंबेगाव, जि. पुणे, सध्या राहणार बिकानेर, सोलर प्लांटची लेबर कॉलनी. समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असं.

वडील वारले आहेत. घरी आई आशा, धाकटी बहीण संस्कृती, वय १९, आणि चुलते बाळासाहेब. जुन्नर तालुक्यात कॅथलिक सिस्टर लोकांचा मिशन दवाखाना आहे. त्याच्याच नर्सिंग कॉलेजात संस्कृती पहिल्या वर्षाला आहे. सकाळी वॉर्डात ड्युटी, दुपारी वर्ग. तिच्या मेसचे पैसे आजपर्यंत चुलते भरत होते, हे मी नाकारत नाही.

ता. ७ रोजी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलींची शपथ होती. वरच्या वर्षाची मुलगी आपल्या मेणबत्तीने धाकटीची पेटवते आणि सगळ्या मिळून रुग्णाची सेवा करू असं म्हणतात. हे संस्कृतीने मला आधीच सांगितलं होतं. फोटो तिने फक्त मला पाठवला. मी जेवणाच्या सुट्टीत तो स्टेटसला ठेवला. खाली काही लिहिलं नाही. मला लिहायला जमत नाही.

फोटोत मागे क्रूस आहे, हे खरं. तिच्या कपाळाला टिकली आहे, हेही खरं. चुलत्यांनी क्रूस पाहिला. पोरगी बाटवली असं समजून ते ता. ८ रोजी जीप घेऊन गेले आणि आई आजारी आहे असं खोटं सांगून तिला घरी आणलं. मग मोबाईल काढून घेतला. त्याआधी जीपमधून तिने मला सहा फोन केले. मी उचलले नाहीत. कारण विचारल्यावरून सांगतो की त्या वेळी काम बंद होतं, फोन हातातच होता. उचलला नाही, एवढंच.

ता. १८ रोजी तिने शेजारच्या कुशाबाईंच्या फोनवरून कळवलं की सोमवारपासून प्रात्यक्षिक परीक्षा आहे, आणखी गैरहजर राहिली तर वर्ष जाईल. मी मुकादमाला सांगून तसाच निघालो, आज शनिवारी पोचलो. तोवर चुलत्यांनी सिस्टर लोकांविरुद्ध धर्मांतराचा अर्ज दिला होता. त्यावरून आम्हाला सगळ्यांना इथे बोलावलं.

हवालदार हसून म्हणाले, "इंजेक्शन टोचायला मेणबत्ती कशाला लागती रे? लाईट जाती का तिथं?" मी शपथेचं सांगितलं. चुलत्यांना ते पटलं नाही. मी त्यांना विचारलं की माझ्या जन्माच्या वेळी आई अडली तेव्हा तुम्हीच तिला ह्याच दवाखान्यात नेलं, तेव्हा भिंतीवर क्रूस नव्हता का. ते पाणी प्यायला बाहेर गेले. आईला विचारलं तर ती भावजी म्हणतील तसं म्हणाली.

महिला पोलिसांनी संस्कृतीला एकटीला आत घेतलं. दार लोटलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मला कुणी बाटवलं नाय. मला सोमवारी वॉर्डात उभं राहायचंय. पुन्हा घरी नेलं तर मी लिहून देते, डांबून ठेवलंय म्हणून." बाहेर आल्यावर ती माझा बाक सोडून आईशेजारी जाऊन बसली.

ती सज्ञान आहे, हे ठाण्याच्या साहेबांनी चुलत्यांना समजावलं. अर्ज मागे घेताना चुलते म्हणाले, "जाऊ द्या. पण आजपासून तिची मेस तिचा दादा बघंल. चार महिनं एका जागी टिकत नाय, त्यो बघंल." माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. बहिणीचा मोबाईल परत मिळावा. मी तिला दुपारच्या एसटीने कॉलेजला सोडणार आहे.

हे सगळं मला मराठीत वाचून दाखवलं, मी बोललो तसंच उतरलं आहे. सहीआधी मी एक ओळ वाढवायला लावली ती अशी: माझा पगार साडेपंधरा हजार. मेसचे पैसे दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत मी संस्कृतीच्या खात्यावर पाठवीन. पहिले आत्ता, ठाण्याच्या बाकावरूनच पाठवतो आहे, रुपये ४,२००.