मार्थाबाईंची कढई

मी मूळची नगरकडची, आमी पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती, माझी आजी जात्यावर दळता दळता प्रभूची गानी म्हनायची. माझं नाव मार्था. लग्न करून जुईनगरला आले ती इथलीच झाले, शाळेत आया म्हनून लागले, नवरा लवकर गेला, मागं एकच पोरगी, रिबेका. काय सांगू तुमाला, ती हसायला लागली की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. सोसायटीतले म्हनायचे, मार्थाबाई, टीव्ही जरा बारीक करा. आन टीव्ही बंदच असायचा!

तेवीस वर्षांची असताना तापानं गेली. तीन दिवसांचा ताप, बास. आन मी रडले नाही हो. आमच्यात शिकवनच तशी, मानूस प्रभूकडं गेलं, मग शोक कसला. चर्चमध्ये साक्ष द्यायची असते, म्हनजे उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी महिन्याच्या आत उभी राहिले, म्हनलं, माझी पोरगी प्रभूच्या घरी सुखात हाय, मला काई दुःख नाही. सगळे म्हनले हालेलुया. पाळकसाहेब म्हनले, विश्वास बघा या बाईचा. झालं! मग कुनाच्याबी घरी प्रार्थना असू दे, मार्थाबाई, साक्ष द्या. आन घरी आले की तिची ओढनी दोरीवर तशीच, मी काढलीच नव्हती. गुडघे टेकले की तोंडातून शब्द फुटेना. भ्या वाटायचं, एकदा रडले तर विश्वासबी वाहून जाईल, मग माझ्यापाशी राहील काय.

तशात नाताळ आला. म्हनलं, लोकांना दिसू दे, आन कढई चढवली. चकल्या, करंज्या, दर वर्षीएवढ्याच. तळत होते तर दारात शेजारची मंगलवहिनी. साताऱ्याची, नवरा मार्केटात हमाली करतो. हातात डबा. त्यांच्यात कसं, घरातलं मानूस गेलं की वर्षभर सणाला तळन करत नाहीत, शेजारपाजारचे फराळ आनून देतात. तशी ती बिचारी आमच्या सणाला करंज्या घेऊन आली, आन इथं माझंच तेल तापलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं न विचारता गॅस बंद केला आन म्हनली, बाई, यंदा तळायला कुनी सांगितलं तुमाला? बसा की जरा.

चार महिन्यांत मला कुनी बसा म्हनलंच नव्हतं. मी फरशीवर बसले आन जो हंबरडा फोडला! देवाला नाही नाही ते बोलले. एकच होती रे माझी, तीच दिसली व्हय तुला? वहिनी पाठीवरून हात फिरवत राहिली. आन गंमत बघा, रडून झाल्यावर ध्यानात आलं, इतक्या दिसांत मी देवाशी पयल्यांदाच खरं बोलले होते.

नाताळच्या उपासनेत पुन्हा तेच, मार्थाबाई, साक्ष. उभी राहिले. म्हनलं, आधीच्या साक्षा खोट्या होत्या. मला लई दुःख हाय, प्रभूवर रागबी हाय, पन मी कुटं जात नाही, इथंच बसनार. हालेलुया कुनीच म्हनेना. वाटलं, आता चर्चबी गेलं हातचं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. म्हनले, चुकलं आमचं, आपला प्रभूबी मित्राच्या कबरीपाशी रडला होता, आन आमी तुमाला रडूसुद्धा दिलं नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक आजोबा हुंदके द्यायला लागले. त्यांचा मुलगा जाऊन बारा वर्षं झालेली!

आता आमच्या चर्चमध्ये कुनाचं मानूस गेलं तर वर्षभर त्याला साक्षीला उठवत नाहीत. आन नाताळाला त्या घरी मी डबा घेऊन जाते. करंज्या भरायला वहिनी येते, माझ्या करंज्या तेलात फुटतात म्हनून मला सारखी बोलते. डबा दिला की मी लगेच उठत नाही, बसते. परवा एक पोर, नवरा गेलेली, मला विचारते, मावशी, रडलं तर चालंल का? म्हनलं, रड बाई पोटभर, प्रभू काई उठून जात नाही. रिबेकाची ओढनी आता मीच चर्चला डोक्यावर घेते. गाता गाता रडू आलं की तिच्यानंच डोळे पुसते, आन पुढचं कडवं म्हनते.