ठासणीच्या बंदुकीची गोळी

अमेरिकेत, नोव्हायमधल्या शिकारीच्या दुकानात, बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं.

"आश्लेषा, एल्कसाठी कुठली गोळी घेऊ? घोड्याएवढं हरीण ते. हलकी लांब जाते, जड हाड फोडते."

"एक चुकली तर दुसरी मार."

"ठासणीची बंदूक आहे गं. दुसरी ठासेपर्यंत एल्क पळून जाईल."

"मग जडच घे. निघायचं कधी?"

"शनिवारी."

"यतीन, शनिवारी गणपती बसतायत!"

"लायसन्स त्याच आठवड्याचं आहे यार. आपला यंदा माघात बसवू."

"डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे का, पुढे ढकलायला? सांग तसं आईंना."

"तूच फोन कर ना."

"एवढ्या मोठ्या जनावरासमोर उभा राहणार, आणि आईला घाबरतोस?"

"एल्क निदान पळून तरी जातो."