त्रेपन्न किलोची जोड

नाही नाही, खुर्ची नको, तुम्ही बसा हो, मी उभाच बरा! बसलो की उठता येत नाही, उठलो की बसता येत नाही, आणि आडवं पडायचं तर नावच काढू नका, आडवं पडून पडूनच तर डॉक्टरांच्या दारात यायची वेळ आलीय! कितवा नंबर चालू आहे? सातवा? माझा बारा. म्हणजे वेळच वेळ. आता तुम्ही विचारणार, पडलात कुठे? जिन्यावरून? स्कूटरवरून? छे हो! मला पाडलं. घरात. रोज संध्याकाळी साडेसात वाजता. पोटच्या मुलीनं!

अहो, असे दचकू नका, गुणी आहे पोरगी. क्षितिजा नाव. दहावीत आहे आणि शाळेकडून कुस्ती खेळते. हो, कुस्ती! ए मुली, तू हसू नकोस, आईचा गुडघा दाखवायला आलीयस ना, मग आईकडे लक्ष दे. हां, तर कुस्ती. आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणाची कॉलर धरलेली नाही, मी आयुष्यात कॅरमच्या पुढे गेलो नाही, आणि हिला आठवीत काय खूळ लागलं देव जाणे! शाळेत शिकवायला चेणे गावच्या तालमीचे बाळा वस्ताद यायचे, भला माणूस, मान माझ्या मांडीएवढी. ते मला म्हणाले, "काका, पोरीच्या अंगात वीज हाय. तिला आडवू नका." आता त्या मानेला नाही म्हणायची माझी काय टाप?

गेल्या वर्षी ती जिल्ह्याला गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. का? तर वरून पोरगी वाघीण, पण एकदा खाली सापडली की संपलं, सुटायचं कसं ते येईना. रडली नाही हो… चार दिवस शाळेच्या मॅटकडे फिरकली नाही. ते जास्त वाईट. आणि यंदा दहावी! आमच्या सौभाग्यवती, गिरिजा, त्यांनी निकाल देऊन टाकला, "यंदा जिल्ह्यात पहिली आलीस तर खेळ खुशाल. नाहीतर मॅट गुंडाळायची आणि क्लासला बसायचं." पोरगी म्हणाली, "चालेल." एवढंच! असा ठसका.

पण बाळा वस्ताद म्हणाले, नुसत्या हट्टानं भागत न्हाय, जोड पायजे. जोड म्हणजे आपल्याच वजनाचं माणूस, सरावाला. क्षितू खेळते त्रेपन्न किलोत. शाळेत बाकीच्या तिघी, एक चाळीस किलो, एक सेहेचाळीस, आणि तिसरी थेट एकोणसत्तर! आली का पंचाईत? झालं, त्या संध्याकाळी आमच्या घरात वजनकाटा आला मध्यभागी. गिरिजाचं किती भरलं ते मी सांगणार नाही, मला अजून घरी जायचंय. मग मी चढलो. आपला सहज. गंमत म्हणून! त्रेपन्न किलो दोनशे ग्रॅम. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं, मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं… तुम्हाला सांगतो, बाजारात कोंबडीला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

मग काय! दिवाणावरची गादी खाली, तिच्यावर दोन रजया, भोवती घरातल्या सगळ्या उशा. मी हाफ पँट चढवून उभा. म्हटलं, "क्षितू, हळू हां." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काही करू नका, फक्त उभे राहा." उभा राहिलो. दीड सेकंद! पुढचं मला छतच दिसलं. आमच्या छताला एक भेग आहे, अकरा वर्षं राहतोय शांती नगरात, कधी दिसली नव्हती… आता तिचा नकाशा काढून दाखवतो. आणि गिरिजा सोफ्यावर मटार सोलत बसलेली, "अगं, मान सांभाळ त्यांची, उद्या ऑफिस आहे!" म्हणजे मान सांभाळायची ती ऑफिससाठी! रोज हेच. सोमवारी पट, मंगळवारी ढाक, बुधवारी धोबीपछाड. डाव तिचा, पाठ माझी!

बरं, वजन वाढून चालत नाही, कमी होऊन चालत नाही, ती जे खाणार तेच मी खाणार. ती मोड आलेले मूग, मी मूग. ती उकडलेला बटाटा, मी बटाटा. ऑफिसात पार्टी, समोर गरमागरम जिलबी… मी हात मागे बांधून उभा! आमचा योगेंद्र, बाजूच्या टेबलावरचा, कोपरावरचं काळंनिळं बघून मला पॅन्ट्रीत घेऊन गेला, दार लावलं, म्हणाला, "जित्या, खरं सांग. वहिनी का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, मुलगी!" तर त्याचे डोळे आणखीच पाणावले. "काय दिवस आलेत रे," म्हणाला आणि त्याच्या वाटणीची जिलबीसुद्धा मला देऊ लागला. तीही खाता येईना!

आणि खाली हेमालीबेन! आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मी गादीवर आपटलो की बरोब्बर दोन मिनिटांनी बेल. टिंग टाँग! "जितेंद्रभाई, ऊपर क्या चालू है? मेरा पंखा हिलता है, मंदिर में मेरे लड्डू गोपाल हिलते है, कल तो गिरही गये थे!" आता बेल वाजते तेव्हा मी कुठे असतो? खाली. आणि क्षितू माझ्या छातीवर. "बाबा, तुम्ही स्वतः सुटा, मी सोडणार नाही!" गिरिजाचे हात मटारात. तिकडे हेमालीबेनची बेलवर बेल, टिंग टाँग, टिंग टाँग… अहो, मराठी माणूस, दारात बाईमाणूस ताटकळत उभी, आपण आडवे कसे राहणार? लाज वाटते हो! मग त्या लाजेनं मला एक युक्ती सुचली. हनुवटी छातीला लावायची, कोपर बरगडीला घट्ट, कंबर बाजूला काढायची आणि सुर्रकन पोटावर वळून खालून निसटायचं. ताकद शून्य, नुसतं सटकणं! की दार उघडायला हजर. "या हेमालीबेन, सॉरी हेमालीबेन." क्षितू मागून ओरडतेय, "बाबा, हे चीटिंग आहे! असा कुठला डाव नसतो!" मी म्हटलं, "डाव नसेल बाई, पण दार उघडलं ना?" सहा महिने, तुम्हाला सांगतो, सहा महिने रोज हेच!

आला स्पर्धेचा दिवस. घोडबंदर रोडनं ठाण्याकडे निघालो, आम्ही तिघं, आणि रिक्षात चौथ्या कोण? हेमालीबेन! मांडीवर थेपल्यांचा डबा. "छे महिना सहन किया है, फल तो देखना पडेगा!" वजनाला क्षितू बावन्न आठशे, पास. मीही उगाच काट्याकडे सरकलो, पंच म्हणाले, "काका, तुम्ही कुठे?" सवय हो, दुसरं काय!

पहिल्या दोन कुस्त्या पोरीनं पटापट मारल्या. आणि फायनलला समोर मुरबाडची चांदणी. नाव चांदणी आणि खांदे बघावेत तर… माझे दोन्ही हात मिळून तिचा एक दंड झाला असता! आता एक कबुली देतो, कुणाला सांगू नका. कुस्ती सुरू व्हायच्या आधी माझ्या मनात एक पाप आलं. म्हटलं, ही हरली तर मॅट गुंडाळली, आणि मॅट गुंडाळली तर माझी पाठ सुटली. संध्याकाळी साडेसातला चहा, खारी, टीव्ही… बाप आहे म्हणून काय झालं, मणका आहे ना मलाही! असं बरं का, स्पष्ट मनात आलं.

पहिली फेरी सहा-दोन. मागे. दुसरीत चाळीस सेकंद राहिले आणि त्या चांदणीनं क्षितूला उचलली, आपटली आणि वर बसली! डावा खांदा मॅटला टेकलेला, उजवा इंचभर वर, तो टेकला की खेळ खलास, आत्ताचाही आणि पुढचाही. गेल्या वर्षीचीच जागा! बाळा वस्ताद खाली ओरडतायत, "पूल मार, पोरी, पूल! मानेवर कमान कर!" गिरिजानं डोळे मिटले… अहो, क्लासला बसवणारी तीच, आणि तीच माझं मनगट पिळतेय, "अहो, काहीतरी करा ना हो!" मी काय करणार? मी बघितलं, क्षितूची नजर छताला लागलेली. ती नजर मला माहितीय हो! त्या छताकडे मी सहा महिने बघितलंय! आणि कुठून बळ आलं कुणास ठाऊक, ते चहा-खारीचं पाप कुठल्या कुठे पळालं, आणि मी बाकावर चढून बोंबललो, "क्षितूऽऽ! हेमालीबेन आल्याऽऽ!"

सगळा हॉल माझ्याकडे. शेजारून हेमालीबेन म्हणतायत, "अरे, मैं तो इधरही हूँ!" पंचांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला याच्या. पण पोरीला कळलं! हनुवटी छातीला. कोपर बरगडीला. कंबर बाजूला… आणि सुर्रकन! ती चांदणी सगळं वजन टाकून बसलेली, तिच्या खालचं माणूसच गायब, ती धपकन मॅटवर, आणि ती वळायच्या आत क्षितू तिच्यावर! पंच आडवे झाले, खांदे बघितले, हात आपटला… चीत! चितपट! जिल्ह्यात पहिली, माझी क्षितू!

मी रडलो हो. खोटं कशाला बोलू, भर हॉलमध्ये हमसून हमसून रडलो. गिरिजा रडली, हेमालीबेन रडल्या आणि रडत रडत अनोळखी लोकांना थेपले वाटत सुटल्या. ती चांदणीसुद्धा गोड पोर, येऊन म्हणाली, "काका, त्या हेमालीबेन कोण?" आणि क्षितू मॅटवरून धावत आली आणि तिनं सरळ मला उचललं! त्रेपन्न किलोचा बाप, खांद्यावर! म्हणाली, "बाबा, तो डाव असतो!" आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला उचलून आपटलं नाही… तेवढ्यात हात सटकला आणि आपटलं. पदक तिचं, पाठ माझी!

मी तसाच पडलेला, तर वरून बाळा वस्ताद वाकले, डोळे हे एवढे! "काका, यो डाव कंच्या तालमीतला हाय? आपल्याला बी ठावा न्हाय!" मी म्हटलं, "वस्ताद, हा दार उघडायचा डाव." तर म्हणतात कसे, "मंग रविवारी चेण्याला या. पोरींना दावा. आमच्याकडं बी कुनाला जोड न्हाय, काका, जरा उभं राहा नुसतं." नुसतं उभं राहा! मला माहितीय नुसतं उभं राहणं म्हणजे काय! मी ठाम सांगितलं, नाही. आणि घरी काय? गिरिजा माझ्या ताटात तूप वाढतेय. सहा महिन्यांत पहिल्यांदा तूप! मी विरघळलो हो, म्हटलं, बायकोला दया आली. तर म्हणाली, "क्षितूची उंची वाढतेय, पुढच्या वर्षी ती सत्तावन्नात जाणार. चार किलो चढवा." घ्या! मॅट गुंडाळणारी बाई ती हीच बरं का! तूप माझं म्हणावं तर तेही तिच्यासाठीच…

काय? बारा नंबर? आलो, आलो! आता डॉक्टर म्हणणार, महिनाभर आराम, आणि मी ऐकणार, अगदी शंभर टक्के ऐकणार, कुणाच्या बापाला… काय गं मुली? काय म्हणालीस? तुलाही कुस्ती शिकायचीय? नाही नाही, माझं काही नाही हां त्यात, मी सोडलं ते… वजन किती तुझं? एकोणपन्नास? आणि जोड कुणी नाही?… अशी बघू नकोस गं, आमची क्षितूपण अशीच बघते. बरं, ऐक. रविवारी सकाळी सात, चेण्याला बाळा वस्तादांची तालीम, कुणालाही विचार. आणि येताना घरातली एक चांगली जाड उशी घेऊन ये. अगं, तुझ्यासाठी नाही! तुला काय होतंय… पाठ माझी!