चाळीस नाही, एकोणचाळीस

— एकोणचाळीस. चाळीस नाही, एकोणचाळीस. सरळ उभे राहा पाळकसाहेब, पोट आत ओढू नका, झगा शिवायचाय तुमचा, फौजेत भरती व्हायचं नाहीये. — कुणी सांगितलं चाळीस? त्या तयार कपडेवाल्यानं? अहो, तो खोक्यातला शर्ट काढून हातात देतो, त्याला छाती काय नि छप्पर काय. माझा टेप एकोणचाळीस म्हणतोय ना, मग देवानं तुम्हाला एकोणचाळीसच दिली, वाद मिटला. हा टेप माझ्या वडिलांच्या गळ्यात होता, तिथून माझ्या गळ्यात आला. कापडी आहे, कडा झिजल्यात, कबूल. पण आजकालच्या पोरांचे ते प्लास्टिकचे बघितलेत? हिरवे-पिवळे. माप घेतायत की रिबीन बांधतायत, कळत नाही. याच टेपनं माप घ्यायचं, याच टेपनं कापड बेतायचं, आणि आजवर या दुकानातला एक कपडा परत आलेला नाही. — ती पिशवी? राहू द्या ती खुर्चीवर. पिशवीत काय आहे ते मला ठाऊक आहे. येतो मी तिच्याकडे. हात वर करा.

तुम्ही नवीन आलात, तुमच्या कानावर घातलं असेल कुणीतरी, शिंप्यापासून जपून राहा म्हणून. घातलं ना? हसू नका, टेप हलतो. बरोबरच सांगितलं त्यांनी. आपल्या चर्चच्या मंडळीत खोटं शिक्षण शिरू नये म्हणून दाराशी बसलंय कोण? मी. कमिटीतले बाकीचे चहा प्यायला येतात, आमेन म्हणतात, कप पालथा घालतात आणि घरी जातात. पडदेवाल्याचं ऐकलंत का? आधी पडदे विकायचा दारोदार, मग एक दिवस उठला आणि म्हणाला, प्रभू माझ्याशी बोलला. बोलला असेल बाबा, प्रभू दयाळू आहे, कुणाशीही बोलेल — पण हा बोलला काय, तर ज्याचा विश्वास पक्का त्याला औषध लागत नाही. भर उपासनेत, माईक धरून. आणि पुढच्या बाकावर रविवारच्या शाळेची बाई बसलेली, नवरा अंथरुणाला खिळलेला तिचा. तिनं घरी जाऊन गोळ्या बंद केल्या हो त्याच्या. पुढच्या रविवारी मला जिन्यात म्हणाली, त्यांचं दुखणं वाढलंय, माझाच विश्वास उणा पडला का? — मी तसाच आत गेलो, पडदेवाल्याचं चाललेलंच होतं, भिंतीतून माईकची वायर उपटली. सगळ्यांदेखत. म्हणालो, आता बोल प्रभूशी, त्याला ऐकू येतं वायरीशिवाय. गेला. पुन्हा फिरकला नाही. चुकलो का मी? — नाही ना? मग.

तेव्हापासून मला वासच येतो. माणूस तोंड उघडायच्या आत कळतं, याचं शिक्षण कुठं शिवण सोडणार ते. गायनवृंदातल्या त्या झिपऱ्यानं गिटार आणली, मी म्हटलं गिटार बाहेर. तुमच्या आधीचे पाळक — भला माणूस, पण मेणाचा — एका रविवारी उपदेशात म्हणाले, शास्त्र वाचताना शेजाऱ्याला काय उमगलं तेही ऐका. शेजाऱ्याला! माझा शेजारी नळ दुरुस्त करतो. मी उठलो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो, उपासना संपेपर्यंत, आणि मग दर रविवारी तसाच बसलो, पायरीवर, पाठ दाराकडे करून. शेवटी बदली मागून घेतली त्यांनी. त्यांचाही झगा मीच शिवलेला. जाताना घडी करून इथं ठेवून गेले. अजून आहे कपाटात. का ठेवून गेले, कोण जाणे, बसत तर छान होता.

बाई? कुठली बाई? — हां, शाळेची. ती गेली मग. नवरा वारल्यावर मुलांना शिकवायला लागली, शंका आली तर देवाला विचारा, तो रागवत नाही. आता हे कुठल्या पानावर आहे? मी विचारलं तिला, मुलांसमोरच विचारलं, सोडतोय की काय. तर तिनं वर्गाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. आता पुलापलीकडच्या मंडळीत जाते, तिथं टाळ्याबिळ्या वाजवतात. — हो, तीच, वायर जिच्यासाठी उपटली. उपकाराची जाण म्हणतात ती अशी. आणि जाताना एकटी गेली नाही. आमची पोरगीही नेली.

आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला. पण तुम्ही पाळक आहात, ऐका. माणसाचं खरं दुखणं कुठलं? दारू नाही, पैसा नाही. मनमानी. स्वतःच्या मनात आलं ते देवाच्या नावावर खपवायचं — हा रोग. आमच्या पोरीला तोच. मला तसं नाही, मला जे वाटतं ते आधी देवाला वाटलेलं असतं, म्हणून तर मला वाटतं. तिचं मात्र सगळं स्वतःच्या डोक्यानं. इथंच शिकली ती, त्या मशिनवर. हात चांगला होता. माझ्यापेक्षा — बरं, चांगला होता. आणि एक दिवस, गिऱ्हाईक समोर उभं, हिनं काय करावं? शाळेतली स्टीलची पट्टी आणली आणि माझ्या टेपशेजारी धरली. म्हणे, बाबा, तुमचा टेप लांबलाय. ताणून ताणून. गिऱ्हाइकासमोर! मी म्हटलं, या टेपनं तुझ्या आजोबांनी अख्ख्या गावाला कपडे घातले. तर म्हणते, कापडही त्याच टेपनं कापता, म्हणून तुम्हाला कळत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, ज्याचं माप तुला पटतं त्याच्याकडे जा. गेली. बाईकडे राहिली, तिथूनच नोकरी, तिथंच तो मुलगा भेटला. तिच्या आईनं इतके दिवस माझ्या ताटात वाढलं, पण माझ्याशी बोलली म्हणाल तर देवाचं नाव घ्या.

आणा ती पिशवी. — हे बघा. पांढरं शुभ्र. आईकरवी फोनवर मापं कळवली तिनं, तिकडच्या टेपनं घेतलेली, म्हणे लग्नाचा गाऊन बाबांनीच शिवायचा. मी शिवला. का म्हणजे? दुसऱ्या कुणी शिवला असता तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं, म्हणून. ही बाहीवरची लेस हातानं लावलीय, मशीन नाही. हे मणी — बरं, राहू द्या मणी. आणि आला परत. माझा कपडा, परत! छातीत सैल, कमरेत सैल, घाला म्हणे आत. कळलं मला लगेच. ते पुलापलीकडचे उपास करायला लावत असणार पोरींना, उपाशी ठेवतात आणि त्याला आत्मा म्हणतात. पोरगी अर्धी झाली असेल, दुसरं काय. हातच्या कांकणाला आरसा कशाला? शिक्षण खोटं असलं की अंगावर दिसतं. — चांगली आहे? तुम्ही भेटलात? जेवलात तिच्याकडे? बरं. — खांदेही उतरतात? खालचा घेरही जमिनीवर लोळतो? मग तेच तर म्हणतोय मी, उपास — काय म्हणालात? उपासानं माणूस बारीक होतो, बुटका होत नाही?

बोलायला लागलात तुम्ही. बघा, वास आला मला.

आणि शनिवारचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो. लग्न लावा तुम्ही, त्याच चर्चमध्ये लावा जिथं तिचा बाप्तिस्मा झाला, कमिटीत मी एकटाच नाही म्हणालो, चहावाले हो म्हणाले, चाललं तुमचं. पण तिचा हात धरून मी आत चालत यायचं — कशाला? ती म्हणाली असेल, बाबा नसतील तर मी एकटीच चालेन. म्हणाली ना? चाल म्हणावं. घेर पायात येऊन पडली तर — नाही, पडू नये. टाचण्या लावून देतो खाली. पण मी पायरीवरून उठणार नाही.

काय शोधताय त्या खणात? खडू आहेत ते. — ती पट्टी ना. हो, तिचीच. फेकायची राहून गेली. नाव कोरलंय बघा कर्कटकानं, शाळेतली अक्कल. — ठेवा खाली. माझ्या टेपला कशाला लावताय? अहो, तुम्ही ओढून धरलाय, ओढल्यावर कुठलाही — सैल सोडा. सैल सोडा म्हणतो ना. इकडे द्या, तुम्हाला धरता येत नाही. हे टोक पट्टीच्या टोकाला, असं. आता बघा, बारावर बारा —

पावणेबारा.

दिव्याखाली आणा. — पुन्हा लावा. — 

वडिलांच्या वेळेला बरोबर होता तो.

...

बास. पुरे झालं आज, दुकान बंद करायचंय. झग्याचं पुढं बघू, घाई कसली, देवाला तुमची छाती ठाऊक आहे. छाती किती लिहू, विचारताय? — काही लिहू नका. जा तुम्ही. — पिशवी ठेवा. पट्टीही ठेवा, ती न्यायची नाही. आणि तिला सांगा, गाऊन हवा असेल तर स्वतः ये न्यायला, अंगावर माप घेतल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही, आणि दुसऱ्याच्या हातात कपडा देत नाही. शनिवारचं? शनिवारचं मी तुम्हाला का सांगू? तुम्ही कोण? जा. दार ओढून घ्या.